सात महिने प्रार्थना चालू आहे, मग अडथळा नेमका कुठाय?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पिंपरीचा २९ वर्षांचा मुलगा आहे, हिंजवडीतला जॉब जाऊन सात महिने झाले, बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, घरात आई आणि धाकटी बहीण. २१ दिवस उपास-प्रार्थना केली, काही हललं नाही. एका प्रार्थना गटात सांगितलं की तुमच्या घराण्यावर शाप आहे, आत्मिक अडथळा आहे, तो आधी तोडायला लागेल. दुसरीकडे सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय. आता प्रार्थनेला बसला की तोंडातून शब्दच येत नाहीत, आणि विचारतोय, 'देवावर भरवसा ठेव म्हणतात सगळे, पण सकाळी उठून मी नेमकं करायचं काय?'

बाळा, हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला, कारण इतकी वर्षं लोकांच्या घरी जातेय, पण 'भरवसा कसा ठेवायचा' असं विचारणारे शंभर भेटतात आणि 'सकाळी उठून काय करू' विचारणारा एखादाच. मी काही पाळक म्हणजे चर्चची पास्टर नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही. कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून आयुष्य गेलं, राहायला घोरपडीत, आणि मंडळीतर्फे, म्हणजे आमच्या चर्चतर्फे, गृहभेटींचं काम गेली २६ वर्षं करते. आजारी, भांडलेली, कर्जात बुडालेली, चर्च सोडलेली अशी घरं. त्यातून जे दिसलं ते लिहिते, पटलं तर घे.

मला सांगायचं ते खरं तर एवढंच आहे की अडथळ्याला आधी त्याच्या खऱ्या नावाने हाक मार. आपल्याकडे 'आत्मिक अडथळा' ही एक गोणी झालीय, त्यात सगळंच कोंबतात, झोप न होणं, भावाशी अबोला, क्रेडिट कार्डाचं बिल, रात्री दीडपर्यंत फोन, थायरॉइड, आणि खरोखरचा सैतानाचा मोह. मग सगळ्या गोणीवर एकच प्रार्थना करायची, मोठ्याने. काही होत नाही, होणार कसं, तुला माहीतच नाही तू कशाच्या विरोधात उभा आहेस ते.

आधी त्या शापाचं निकालात काढू, कारण तेच तुला आतून खातंय असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं. बायबलमधल्या यहेज्केलचा १८ वा अध्याय उघड आणि पूर्ण वाच, दहा मिनिटं लागतील. तिथे लोक एक म्हणच म्हणत होते, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, आणि देव म्हणतो ही म्हण आता इस्राएलात पुन्हा म्हणायची नाही, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी हेच विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही पर्याय बाजूला ठेवले. आता तुझ्या बाबांची किडनी. बहुतेकांची किडनी जाते ती वर्षानुवर्षांच्या शुगर नाहीतर बीपीमुळे, तुझ्या पणजोबांनी कुठल्या देवळात नारळ फोडला म्हणून नाही. आपल्या सगळ्यांचेच पणजोबा कुठल्यातरी देवळात जात होते रे. माझे आजोबा राहुरीकडचे, नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं, आमच्या घराण्यात ते पोचायला पुढे दोन पिढ्या गेल्या, त्याआधीचे सगळे काय शापित होते काय? चांगली कष्टाळू माणसं होती.

मी असं एक घर पाहिलंय, ओळख बदलून सांगते. येरवड्याच्या बाजूला. मुलाला सारखं आजारपण, धंद्यात खोट, आणि नवऱ्याला रात्र रात्र झोप नाही. माझ्याआधी प्रार्थनेच्या तीन टीम येऊन गेल्या होत्या, चौकटींना तेल लावून झालं होतं, आजीची पितळेची समई भंगारात गेली होती, भिंतीवरचं जुनं घड्याळसुद्धा कुणीतरी काढायला लावलेलं, का ते मला अजून कळलेलं नाही. मी गेले तर बाई बिचारी विचारते, 'काकू, अजून काय काढू?' म्हटलं काही काढू नको, चहा टाक. चहा पीत बसलो तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि फोन पालथा ठेवला. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. पाच मिनिटांनी परत वाजला, परत पालथा. मी विचारलं कोण आहे? तो म्हणाला, कोणी नाही. बायको म्हणाली, त्यांचा थोरला भाऊ आहे, गावाकडचा, ११ गुंठ्यांवरून सहा वर्षं बोलणं नाही, आता आई आजारी आहे म्हणून तो करतोय.

सहा वर्षं. आणि आम्ही घड्याळ काढतोय भिंतीवरचं.

मी त्या दिवशी फक्त इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं वाचलं, सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका आणि सैतानाला जागा देऊ नका. ही दोन वाक्यं तिथे शेजारी शेजारी आहेत. आत्मिक युद्ध म्हटलं की सगळे त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायातली ढाल-तलवार घेऊन पळतात, पण दार कुठून उघडतं ते चौथ्यातच सांगून ठेवलंय, रागातून. त्याने त्या रात्री फोन लावला, भावाने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी उचलला, चार मिनिटं बोलले, पाऊस कसा आहे आणि कांद्याला काय भाव मिळाला. जमिनीचा विषयच नाही. तो वाद अजून मिटलेला नाही, कोर्टात आहे. मुलगाही पुढे डॉक्टरच्या औषधानेच बरा झाला. पण त्या रात्री माणूस झोपला, आणि रविवारी चर्चमध्ये प्रभूभोजनाची भाकर-द्राक्षरस घ्यायला पुढे आला, सहा वर्षांनी. तेव्हा मला कळलं की तो इतकी वर्षं मागच्या बाकावर का बसायचा. मत्तय पाचमध्ये आहे ना, अर्पण वेदीपाशी तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. त्याला ते माहीत होतं, म्हणूनच पुढे येत नव्हता. खोटं वागला नाही हे त्याचं चांगलंच.

सगळ्यांचं असंच असतं असं मी म्हणत नाही हां. तुझं वाचून मला भावाशी अबोला वगैरे काही दिसलं नाही. तुझ्या प्रश्नात मला तीन-चार वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या दिसतात.

एक तर तू थकलायस. बाबांच्या डायलिसिसला एका वेळेला साधारण चार तास लागतात, त्यात जाणं-येणं धर, म्हणजे आठवड्यातले दोन पूर्ण दिवस तू हॉस्पिटलच्या बाकड्यावर आहेस, उरलेल्या दिवसांत इंटरव्ह्यू, आणि त्यातच तू २१ दिवस उपास केलास. बाळा, १ राजे १९ वाच. एलिया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला आणि दुसऱ्याच अध्यायात झुडपाखाली बसून म्हणतो, देवा आता पुरे, माझा जीव घे. आता देवाने काय करावं? त्याला विश्वासावर लेक्चर दिलं नाही. देवदूत आला, त्याने भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवलं आणि परत खायला घातलं, कारण प्रवास झेपणार नाही म्हणून. दोन वेळचं जेवण आणि झोप, त्याच्यानंतरच पुढचं बोलणं. देव जर एलियाला आधी जेवायला घालतो तर तू स्वतःला उपाशी ठेवून त्याच्याकडून नोकरी कशी काय वसूल करणार होतास?

उपासाच्या मी विरोधात नाही, मी स्वतः गुड फ्रायडेला करते. पण उपास म्हणजे देवासमोर धरणं धरणं नाही. आणि औषध चालू असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय करूच नये. आमच्या गटात एक बाई होत्या, शुगरच्या पेशंट, कुणीतरी म्हणालं विश्वासाने इन्शुलिन बंद करा, त्यांनी केलं, चौथ्या दिवशी रात्री रिक्षात घालून कॅज्युअल्टीला न्यायला लागलं, मी होते बरोबर. वाचल्या. ज्यांनी सल्ला दिला ते भेटायलाही आले नाहीत. प्रेषित पौलाने त्याच्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय, म्हणजे त्या काळातलं औषधच सांगितलं ना, 'तुझा विश्वास कमी आहे' असं नाही म्हणाला.

त्याच्याच जोडीला दुसरी गोष्ट, आणि ही जरा गंभीरपणे वाच. शब्द येत नाहीत, सकाळी उठावंसं वाटत नाही, जेवण जात नाही, आपण गेलो तर घरच्यांचं बरं होईल असले विचार येतात, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, आणि ते पाप नाही. ससूनला सायकियाट्रीची ओपीडी आहे, तिथे दाखव. आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो शेवटचा विचार येत असेल तर माझं पुढचं वाचू पण नको, आधी तो फोन लाव नाहीतर घरात कुणालातरी उठवून सांग. मी प्रार्थनाही करते आणि लोकांना डॉक्टरकडेही नेते, रिक्षाने नेते आणि रिक्षातच प्रार्थना करते.

तिसरं म्हणजे तू देवावर चिडलायस. तू तसं लिहिलं नाहीस, फार सभ्यपणे लिहिलंयस, पण तेच तर. शब्द येत नाहीत म्हणजे कुठले शब्द येत नाहीत? स्तुतीचे. दुसरे शब्द आलेत घशापर्यंत, ते तू अडवून धरलेत, कारण ते चर्चमध्ये चालत नाहीत असं तुला शिकवलंय. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला, हेच वाटतंय ना आतून? मग ते बोल. यिर्मया संदेष्टा हेच बोललाय, १५ व्या अध्यायात, देवालाच विचारतो की तू मला फसव्या ओढ्यासारखा होणार काय, ऐन वेळी आटून जाणाऱ्या पाण्यासारखा? हे पवित्र शास्त्रात छापलंय, कुणी खोडलं नाही. १३ वं स्तोत्र 'किती काळ' ने सुरू होतं आणि पहिल्या दोन वचनांत चार वेळा तेच विचारतं. ८८ वं स्तोत्र तर काळोखातच संपतं, शेवटी एक ओळसुद्धा आशेची नाही, आणि तरी ते उपासनेत म्हणायचं गाणं आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तेव्हा बरे होते, तोंड उघडलं आणि बिघडलं, सगळं तू काहीतरी केलं असशील, तुझंच चुकलं असेल. शेवटी देव त्या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ईयोब, ज्याने अध्यायामागून अध्याय देवाशी हुज्जत घातली आणि ऐकून घेतलं. त्याचं बोलणं देवाला नीट वाटलं.

माझं स्वतःचं सांगते. आमच्या ह्यांचं भोसरीला एका वर्कशॉपमध्ये काम होतं, लेथवर. ते वर्कशॉप अचानक बंद झालं, तीन महिन्यांचा पगारही बुडाला. मुलगा तेव्हा नववीत. मला जवळजवळ वर्षभर प्रार्थना करता आली नाही, खरंच नाही, गुडघे टेकले की डोक्यात हिशोब सुरू, दूध, फी, घरभाडं. पण माझ्याकडे चर्चचं एक काम होतं, प्रभूभोजनाच्या मेजाचं पांढरं कापड धुवायचं आणि शनिवारी संध्याकाळी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या सामानाच्या खोलीत, इस्त्री करून ठेवायचं. ते कापड सुती, जाड, त्याला द्राक्षरसाचा डाग पडला की लगेच मीठ चोळून थंड पाण्यात टाकायचं, गरम पाणी लागलं की डाग पक्का बसतो. ते काम मी सोडलं नाही. विश्वास होता म्हणून नाही, दुसरं कुणी करणार नव्हतं म्हणून. आणि इस्त्री करताना मी पुटपुटत असायचे, आज पण काही नाही, बघतोयस ना, आज त्यांनी जेवणात भाजी नको म्हणून सांगितलं, भाजी परवडत नाही म्हणून, बघतोयस? असं वर्षभर. एका शनिवारी चर्चचे शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'बाई, तुम्ही इस्त्री करताना कुणाशी भांडता हो एवढं?' मी एकदम गप्प झाले. मग आम्ही दोघंही हसलो. आमच्या ह्यांना १४ महिन्यांनी काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. साक्ष म्हणून उभं राहून सांगावं असं त्यात काहीच नाही, आणि मी कधी सांगितलीही नाही. पण तुला सांगायला हरकत नाही की माझ्या आयुष्यातली सगळ्यात नियमित प्रार्थना ती इस्त्रीवरची होती.

आता 'विश्वास कमी पडतोय' म्हणणाऱ्यांबद्दल. विश्वास म्हणजे गॅसचा सिलिंडर नाही की हलवून बघावा किती उरलाय. मार्क ९ मधला तो बाप आठव, आजारी मुलाला घेऊन आलेला, तो म्हणाला माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर. एका वाक्यात दोन्ही. येशूने त्याला परत पाठवून 'आधी पूर्ण विश्वास ठेवून ये' असं सांगितलं नाही, पोराला बरं केलं. पौलाने अंगातल्या काट्यासाठी तीनदा मागितलं, काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे असं उत्तर आलं. गेथशेमाने बागेत तर स्वतः प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि टळला नाही. आता सांग, त्यांचा विश्वास कमी होता? आणि दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात ते तिघं तरुण राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही. ते 'नाही सोडवलं तरी' आहे ना, मला भरवसा म्हणजे तेवढंच वाटतं. नोकरी मिळणारच असं छातीठोक म्हणणं मला जमत नाही, आणि जे म्हणतात त्यांचं मी फार मनावर घेत नाही. त्यातून कुणी स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवून 'विश्वासाचं बी पेरा म्हणजे ब्रेकथ्रू मिळेल' म्हणत असेल तर ताबडतोब बंद कर. घरात डायलिसिस चालू आहे, एक रुपया द्यायचा नाही, आणि देव रागावणार नाही याची गॅरंटी माझी.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देते, कारण त्यांचं मोठं काम आपल्या पुणे जिल्ह्यातच, केडगावला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. रमाबाईंसारख्या विद्वान बाईला आठ वर्षं. मधल्या काळात हातावर हात ठेवून बसल्या का, तर नाही, १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, पुढे पुण्यात टीका झाली, पालकांनी मुली काढून नेल्या, दुष्काळ पडला तेव्हा शेकड्याने मुली केडगावला आणून वाढवल्या. आणि शेवटी एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधीच गेली, त्यानंतर वर्षाच्या आत त्या स्वतः गेल्या, आणि या दोन मरणांच्या मधल्या महिन्यांतसुद्धा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातात होतं. आता कुणी रमाबाईंना म्हणावं की तुमच्या घराण्यावर शाप होता म्हणून. जमलं तर एकदा दौंडकडच्या लोकलने केडगावला जाऊन ये, त्यांच्या मुक्ती मिशनच्या आवारात नुसता फीर. बरं वाटतं.

बरं, सैतान आहे की नाही? आहे, मी मानते. पण तो तुझ्याकडे शिंगं लावून येणार नाही, रात्री दीड वाजता लिंक्डइन उघडून देणार, तुझ्या बॅचच्या मुलाचं प्रमोशन दाखवणार, आणि हळूच म्हणणार, बघ, तू मागितलंस आणि त्याला मिळालं. त्यानंतर अजून काय काय उघडलं जातं ते तुला माहीत, मला सांगायची गरज नाही. याच्यावर तीन तासांची आरडाओरड करून प्रार्थना करण्यापेक्षा फोन रात्री साडेदहाला हॉलमध्ये चार्जिंगला लाव, झोपायच्या खोलीत न्यायचाच नाही. हसू नको. मी जेवढ्या तरुण पोरांना हे करायला लावलंय त्यातल्या बऱ्याच जणांचा 'आत्मिक अडथळा' पंधरा दिवसांत निम्मा झालाय.

तर सकाळी उठून काय करायचं. पहिले दोन आठवडे प्रार्थना 'करायची' नाही, फक्त एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, उभं राहून, गॅलरीत किंवा गच्चीवर, १३, ४२, ७७, ८८, १३० यातलंच रोज एक, परत परत. स्वतःचे शब्द नसतील तेव्हा उसने घ्यायचे, त्यासाठीच ती आहेत. मग एका वहीत एकच ओळ लिही, आज कशाची भीती वाटतेय, तिच्या खऱ्या नावाने. 'भविष्याची चिंता' असं लिहायचं नाही, ते गोणीतलं नाव झालं. 'ईएमआय ५ तारखेला आहे आणि खात्यात पैसे नाहीत' असं लिही. 'बाबांच्या हाताला सूज आलीय आणि मी डॉक्टरला विचारायला घाबरतोय' असं लिही. लिहिलं की बऱ्याचदा कळतं की यातलं अर्धं फोन करून सुटण्यासारखं आहे, डॉक्टरला विचार, बँकेत जाऊन हप्त्याबद्दल बोल, आणि उरलेलं अर्धं खरंच आपल्या हातात नाही, तेवढंच देवापुढे ठेव. नोकरीचे अर्ज रोज तीनच कर, पण नीट कर, आणि नंतर लॅपटॉप बंद. मान्ना आठवतो ना, देवाने रानात इस्राएलाला दिलेलं अन्न, निर्गम १६, रोजच्या रोज गोळा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी साठवला की किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट, ते मला फार आवडतं, म्हणजे देवालाही प्लॅनिंगचं वावडं नाही, फक्त भीतीपोटी साठवलेलं त्याला चालत नाही.

रविवारी चर्चला जा. गाता आलं नाही तर गाऊ नको, मागे बस, बाकीचे तुझ्या वाटचं गातील. मंडळी असते ती त्यासाठीच, मला तरी तसंच वाटतं. आणि एक माणूस शोध, एकच, ज्याला तू खरं सांगू शकतोस आणि जो लगेच वचन फेकून मारत नाही. वयस्कर बघ, आणि शक्यतो ज्याने स्वतः काहीतरी मोठं गमावलंय असा.

एक गोष्ट कॅथलिक लोकांकडून शिकलेली. नगर रोडला त्यांची मोठी सेमिनरी आहे, येशूसंघीय म्हणजे जेझुइट फादर चालवतात, माझी एक मैत्रीण तिथल्या रिट्रीटला जायची, तिने सांगितलेलं. त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस, सोळाव्या शतकातले, तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळलेले, त्यांचा नियम असा की मन काळोखात असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. उजेडात असताना जे ठरवलं होतं ते काळोखात धरून ठेवायचं. तेव्हा आत्ता चर्च बदलू नको, साखरपुडा वगैरे झाला असेल तर मोडू नको, फ्लॅट विकायला काढू नको, आणि 'देव नाहीच' असा शेवटचा निकालही आत्ता लावू नको. निकाल लावायचा तर नीट झोप झालेल्या माणसाने लावावा. आम्ही प्रोटेस्टंट, संतांचं फार काही करत नाही, पण हा नियम मी आमच्या महिला मंडळात इतक्या वेळा सांगितलाय की बायका आता मलाच ऐकवतात.

त्या प्रार्थना गटाचं काय करायचं विचारलंयस. भांडू नको. त्यांनी बहुतेक मनापासूनच सांगितलं असेल, लोकांना दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून ते घाईघाईने कारण शोधतात, ईयोबाच्या मित्रांसारखं. पण पुढची शाप तोडायची मीटिंग ठरवली असेल तर 'बाबांचं डायलिसिस आहे, येता येणार नाही' एवढं सांग आणि घरी ये. खोटंही नाही ते.

आई आणि बहिणीशी बोललास का याबद्दल? तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये त्या फक्त एकदा आल्यात, घरात कोण कोण आहे ते सांगताना. माझा अंदाज आहे की तिघंही आपापल्या खोलीत एकाच गोष्टीसाठी वेगवेगळी प्रार्थना करताय आणि जेवताना टीव्ही लावताय. आज रात्री टीव्ही बंद कर आणि एवढंच म्हण, मला भीती वाटते. बाकी त्या सांभाळतील.

आणि मला एक कळव, डायलिसिस मंगळवारी-शुक्रवारी म्हणालायस ते सकाळी असतं की दुपारी? सकाळी असेल तर बरंच, तेव्हा मी भाजी निवडत बसलेली असते, हात कामात असतात आणि डोकं मोकळं. ह्या शुक्रवारी मेथी आहे, चांगला तासभर लागेल.